आमची वाटचाल: माक्याच्या कढईपासून अळिवाच्या लाडवापर्यंत

धंदा करायचा असं काही डोक्यात नव्हतंच. सासूबाई दर पावसाळ्यात घरापुरतं केसांना लावायचं माक्याचं तेल काढायच्या, इंदूरच्या सुदामा नगरमधल्या घराच्या गच्चीवर, लोखंडी कढईत, आणि तो वास तीन घरं पलीकडे जायचा म्हणून शेजारच्या भाभी वाटी घेऊन हजर. २०१७ च्या गणपतीत कॉलनीत आनंदमेळा होता, आमच्या मोठ्या जाऊबाई, सगळे त्यांना माई म्हणतात, त्या म्हणाल्या की भेळ पाणीपुरी सगळेच लावतात आपण तेल ठेवू. ३० बाटल्या ठेवल्या, आरतीच्या आधी संपल्या. तिथून सुरू झालं.

पुढच्याच वर्षी तोंडावर आपटलो. दिवाळीच्या अभ्यंगासाठी ऑर्डरी घेतल्या, घाई झाली, सासूबाई गावाला गेलेल्या, आणि आम्ही दोघींनी कढई लवकर उतरवली. ओल्या माक्याचा रस म्हंजे बहुतेक पाणीच, ते पूर्ण आटलं नाही तर तेलात राहतं. पंधरा दिवसात बाटल्या गढूळ, आंबूस वास. घरोघरी जाऊन पैसे परत केले, सोबत चकल्या दिल्या म्हणून बोलणी जरा कमी बसली. सासूबाई परत आल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त कढईतला गाळ बोटांनी वळून त्याची वात केली आणि दिव्यावर धरली. तडतडली. "पाणी आहे अजून. गुपचूप जळली की झालं." मग एका वैद्यांनी सांगितलं की ही परीक्षा आयुर्वेदात आहेच, आणि प्रमाणही आहे, वाटलेल्या औषधीचा कल्क १ भाग, तेल ४ भाग, रस किंवा काढा १६ भाग. सासूबाईंनी आयुष्यात वजन केलं नसेल पण आम्ही मोजलं तर जवळपास तेच निघालं!

लायसन्सचंही तेव्हाच कळलं, घरी बनवून बाटलीवर लेबल लावलं की झालं असं नसतं. आता सांवेर रोडच्या एका लायसन्सवाल्या युनिटमधे आमचं तेल निघतं, पण वात आम्ही आमच्या डोळ्यांसमोर जाळून बघतो. वाळलेला माल सियागंजच्या बाजारातून, जास्वंद अंगणातली, आवळा थंडीत ताजा मिळतो तेव्हाच. आधी नुसतं खोबरेल घ्यायचो, ते २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं आणि आपल्याकडे जानेवारीत रात्री थंडी केवढी, लोकांचे फोन यायचे की दीदी तेलात मेण घातलंय का. म्हणून आता तिळाचं तेल जास्त.

आता जे सांगायचंय ते. आमचा धंदा खरा मोठा झाला २०२१ मधे, आणि त्यात आमची कमाल काही नव्हती.

एप्रिल-मे मधे कोरोनाची ती भयंकर लाट आली, आणि जुलै-ऑगस्टपासून फोनच फोन. केस मुठीने जातायत, बाथरूमची जाळी तुंबतेय. आम्ही रात्र-रात्र पॅकिंग केलं. चार-सहा महिन्यांनी तेच लोक परत फोन करून आशीर्वाद द्यायला लागले, कपाळावर बारीक केस येतायत म्हणून, आणि आम्ही ते मेसेज अभिमानाने स्टेटसला लावले. मग एक ग्राहक आल्या, स्वतः स्किनच्या डॉक्टर, हसत म्हणाल्या, तेल छान आहे हो, पण हे केस तेल न लावताही आले असते. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएटिंग, असा धक्का बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मूळ जिवंतच असतं, शरीर सावरलं की नवे येतात, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. रोजचे ५० ते १०० केस तर निरोगी माणसाचेही जातात.

मला आधी राग आला, मग दोन दिवस झोप नाही. तेल फुकट का मग? तसंही नाही, खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं, धुताना झीज कमी होते, केस कमी तुटतो, मालिश केली की बरंही वाटतं. पण वर लावलेल्या तेलाने आतली उणीव भरत नाही. स्टेटस काढून टाकले. माई चिडल्या, धंदा बुडवशील म्हणाल्या, आणि पुढचं वर्षभर विक्री खरंच उतरली. एका दुकानदाराला लेबलवर "टकलावर केस" असं छापून हवं होतं, नाही म्हटलं. वैद्यांनी सांगितलं की औषधाच्या लेबलवर टक्कल बरं करण्याचा दावा करायला कायद्यानेच मनाई आहे, तर त्याने मालच ठेवणं बंद केलं.

लाडू त्यातूनच आले. अळीव, इकडे असालिया म्हणतात, नारळाच्या पाण्यात भिजवायचे, ओलं खोबरं, गूळ, थोडं जायफळ. बाळंतिणीला आपण देतोच. अळिवात लोह भरपूर, पण नुसता लाडू खाऊन भागत नाही, केस प्रोटीनचा बनतो आणि आपल्या शाकाहारी घरांमधे सकाळी पोहे-जलेबी, दुपारी वरण पातळ, संध्याकाळी शेव. वाटीभर उसळ, दही, चणे, पनीर, चालत असेल तर अंडं, हे रोज हवं. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम, लोह अंगाला चांगलं लागतं, पण वरून लगेच कडक चहा म्हंजे अर्धं काम वाया, तास-दीड तास थांबा. आणि बायोटिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. सेलेनियम, व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी केस गळतात, गंमतच आहे.

बोरिंगच्या पाण्याला सगळे शिव्या देतात, जड पाण्याने केस राठ होतो, तुटतो, पण मुळापासून जाणं वेगळं.

आता कोणी आलं की आधी विचारतो, ताप आला होता का, पाळी जास्त जाते का, हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हंजे अंगातला लोहाचा साठा, बी१२, थायरॉइड तपासलंय का. नुसता गोल चट्टा पडला असेल किंवा टाळूला खपल्या असतील तर तेल देतच नाही, डॉक्टरकडे पाठवतो.

मागच्या वर्षी कॉलेजची एक मुलगी आली, तेलाच्या तीन बाटल्या मागत होती. तपासायला लावलं, हिमोग्लोबिन ८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पाच महिन्यांनी आईला घेऊन आली, वेणी बऱ्यापैकी दाट, तेल नको म्हणाली, लाडवाचा डबा घेतला, आणि जाता जाता माईंना म्हणाली, काकू, लाडू मागच्या वेळेपेक्षा लहान झालेत. माई अजून कुरकुरतायत, नारळाचा भाव हिला कोण सांगणार.