लाल, सुरकुतलेली कॉलनी

काल प्लेट उघडली आणि पाच मिनिटं नुसती बघतच बसले. ई. कोलाय बॅक्टेरिया, बिनमिठाचं अगार (बॅक्टेरिया वाढवायची जेली), त्यात काँगो रेड हा लाल डाय, 28 डिग्रीला दोन दिवस, आणि कॉलनी गडद लाल, कोरडी, भाजलेल्या पापडासारखी सुरकुतलेली! शेजारचा म्युटंट (जनुकात बदल केलेला ई. कोलाय) मात्र फिका, कारण त्याला सीएसजीए हे प्रोटीन बनवताच येत नाही.

या प्रोटीनपासूनच कर्ली नावाचे धागे बनतात, लाल डाय पकडणारे आणि बायोफिल्मला (बॅक्टेरियांच्या चिकट थराला) घट्ट धरून ठेवणारे (सुरकुत्यांना सेल्युलोजही लागतं, ते वेगळं). आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की कर्ली म्हणजे अमायलॉइड, अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं त्याच प्रकारची रचना, 2002 मध्ये हे दाखवलं गेलं, फक्त इथे ते बिघडून होत नाही, बॅक्टेरिया मुद्दाम विणतात! सीएसजीए घडी न पडता सुटंच पेशीबाहेर येतं, सीएसजीजी नावाच्या प्रोटीनच्या नऊ तुकड्यांनी बनलेल्या भोकातून, आणि बाहेर पेशीला चिकटलेलं सीएसजीबी हे प्रोटीन त्याला विरजणासारखं लागतं, मग धागा वाढतच जातो. आत विरजण लागलं असतं तर पेशीचंच कठीण झालं असतं, म्हणून सीएसजीसी नावाचं प्रोटीन वाटेत राखण करतं. किती विचारपूर्वक रचलंय असं वाटतं ना!

आज तीच कॉलनी टूथपिकने उचलायला गेले तर अख्खी पापुद्र्यासारखी निघून आली.