तुम्ही विचारलंत म्हणून: दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकतो का?

आकाशदर्शनाला कुठलाही जोडतारा दाखवला की रांगेतून हा प्रश्न येतोच: 'दोन-दोन सूर्य असले तर तिथल्या ग्रहाचं काय? या ओढाताणीत तो टिकतो तरी कसा?' रांगेत उत्तर द्यायला वेळ नसतो, मागची मंडळी थंडीत ताटकळत असतात. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टिकतो, आणि दोन तऱ्हांनी टिकतो. पहिल्या तऱ्हेत दोन्ही तारे एकमेकांच्या अगदी जवळ असतात आणि ग्रह बाहेरून दोघांनाही मिळून प्रदक्षिणा घालतो. २०११ साली जाहीर झालेला केप्लर-१६ बी हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तिथले तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि वस्तुमानाने साधारण शनीएवढा असलेला ग्रह २२९ दिवसांत त्या दोघांभोवती. क्षितिजावर दोन सूर्य मावळतानाची जी चित्रं तुम्ही बघता, ती अशाच जगांची. वर्तमानपत्रांना ती आवडतात. मला स्वतःला दुसरी तऱ्हा जास्त भावते, कारण तिच्यात ग्रह एकाच ताऱ्याभोवती फिरतो आणि जोडीदार तारा लांब उभा राहून कारभार करतो.

त्यासाठी सप्तर्षीकडे चला. वसिष्ठ-अरुंधती सगळ्यांनाच माहीत असतात. सप्तर्षीचा चौकोन ओलांडून पश्चिमेला, थीटा नावाच्या ताऱ्यापासून दोनेक अंशांवर नवव्या प्रतीचे दोन तारे आहेत, एचडी ८०६०६ आणि एचडी ८०६०७. नुसत्या डोळ्यांना ते दिसायचे नाहीत. अंधाऱ्या गावातून लहानशी दुर्बीण पुरते. दोघंही सूर्यासारखे पिवळे, तेजाने जवळजवळ सारखे, आणि दोघांत अंतर वीस विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). दुर्बिणीत अगदी जुळे वाटतात. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीहून लांब आहेत, आणि एकमेकांभोवतीच्या एका फेरीला हजारो वर्षं लागतात.

यातल्या ८०६०६ला गुरूच्या चौपट वस्तुमानाचा एक ग्रह आहे. तिथून दुसरा सूर्य कसा दिसेल? मी गणित करून पाहिलं. तो दिसेल फक्त एक झगझगीत ठिपका. त्याचा उजेड आपल्या अर्ध्या चंद्रापेक्षा जास्त, पौर्णिमेपेक्षा कमी. सावल्या पडतील, पण ऊब शून्य. (सावल्या कशावर पडणार हा प्रश्न आहेच, ग्रह वायूचा आहे.)

म्हणजे शेजारी निरुपद्रवी? तिथेच तर गोम आहे. या ग्रहाची कक्षा मुलखावेगळी आहे. १११ दिवसांच्या फेरीत तो एका टोकाला ताऱ्यापासून जवळजवळ पृथ्वीएवढा लांब जातो आणि दुसऱ्या टोकाला इतका जवळ येतो की बुधाच्या सूर्यापासूनच्या अंतराचा दहावा हिस्साही उरत नाही. ताऱ्याकडून मिळणारी उष्णता या दोन टोकांत आठशेपट बदलते. नोव्हेंबर २००७ मध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने ती जवळची घसरगुंडी पाहिली: सहा तासांत ग्रहाचं तापमान सुमारे ५०० अंश सेल्सियसवरून १२०० अंशांवर गेलं.

ग्रह जन्मतः अशा कक्षेत असणं अवघड. इथे संशय जातो तो लांबच्या त्या जोडीदारावर. जोडीदाराची कक्षा आणि ग्रहाची कक्षा एकमेकींना बऱ्यापैकी तिरक्या असल्या, तर त्याची क्षीण ओढही वाया जात नाही. लाखो वर्षं त्याच रोखाने साचत जाऊन ती ग्रहाच्या कक्षेचा तिरकसपणा आणि लांबटपणा यांची अदलाबदल करते: एक कमी झाला की दुसरा वाढतो. हे गणित १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात लिडोव्ह यांनी आणि जपानच्या कोझाई यांनी स्वतंत्रपणे मांडलं. लिडोव्ह यांच्यासमोर कृत्रिम उपग्रह होते, कोझाई यांच्यासमोर लघुग्रह. चाळीसेक वर्षांनी, २००३ साली, तेच गणित ८०६०६च्या ग्रहाला लावलं गेलं. पुढे ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी चाळीसेक अंशांनी कललेली आढळली, तेव्हा संशय आणखी बळावला.

आता थोडं त्या जोडीदाराच्या बाजूनेही बोलू.

हा ग्रह सापडला २००१ साली, पण ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डुलण्यावरून. तो आपल्याला दिसेल अशा बेताने ताऱ्यासमोरून जातो का, हे कोणालाच माहीत नव्हतं. समोरून जाणं म्हणजे अधिक्रमण. ८ जून २००४ला शुक्राचं अधिक्रमण आपण इथून पाहिलं होतं, तोच प्रकार. फरक एवढाच की परक्या ताऱ्याची तबकडी आपल्याला दिसत नाही, फक्त प्रकाश किंचित उतरलेला कळतो. शुक्राने सूर्याचा हजारावा भाग झाकला होता. गुरूच्या आकाराचा ग्रह शंभरावा भाग झाकतो. स्पिट्झरच्या नोंदींत ग्रह ताऱ्यामागे दडल्याचं लक्षात आलं, आणि मागे दडतो तर समोरूनही जात असेल ही शक्यता १५ टक्क्यांवर गेली. हा निष्कर्ष जानेवारी २००९च्या अखेरीस छापून आला आणि पुढची संधी होती १३-१४ फेब्रुवारीच्या रात्री. ती हुकली तर त्यानंतरची थेट जूनमध्ये, युरोपातल्या आखूड रात्रींत.

त्या रात्री फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत मोठी दुर्बीण रोखलेली होती, आणि लंडनच्या मिल हिल उपनगरात विद्यापीठाच्या वेधशाळेत ३५ सेंटिमीटरच्या छोट्या दुर्बिणीही. छोट्या दुर्बिणीने, शहराच्या उजेडात, एक टक्क्याची घट पकडायची म्हणजे पंचाईत असते. हवा धूसर झाली की तारा मंद होतो, ढगाचा पदर आला की मंद होतो, क्षितिजाकडे कलला की मंद होतो. यातली घट ग्रहाची कुठली हे कसं ओळखायचं? इथे ८०६०७ कामाला आला. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मापाचं वजन ठेवावं तसा. त्याच चौकटीत, तोच रंग, तेवढंच तेज. धूसरपणाने मंद व्हायचे तर दोघंही सारखेच मंद होणार. म्हणून एकट्या ताऱ्याचं तेज न मोजता दोघांचं गुणोत्तर मोजायचं. अंधार पडला तेव्हा ८०६०६ आधीच एक टक्क्याने उतरलेला होता, आणि रात्र सरता सरता तो पूर्वपदावर आला. ग्रह समोरून बाहेर पडताना सापडला होता. आत शिरताना युरोपात दिवस होता, कारण पूर्ण अधिक्रमण चालतं सुमारे बारा तास. ताऱ्यामागून जायला त्याच ग्रहाला दोन तासही लागत नाहीत, कारण तेव्हा तो जवळच्या टोकाला सुसाट धावत असतो.

असा ग्रह एकुलता एक असेल असं बरीच वर्षं वाटायचं. २०२४ साली टीआयसी २४१२४९५३० या ताऱ्याचा ग्रह जाहीर झाला. कक्षा याच्याहून किंचित जास्तच लांबट, फेरी सुमारे १६६ दिवसांची, वस्तुमान गुरूच्या पाचपट. हा तर ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. आणि त्याच्या ताऱ्यालाही एक जोडीदार तारा आहे. तेव्हा आता गुरूसारखा ग्रह अशा ताणलेल्या कक्षेत सापडला की खगोलशास्त्रज्ञ आसपास आणखी कोणी आहे का, हे आधी धुंडाळतात.