21 जीबीचा फरक

ऐन लग्नसराईत एक फोटोग्राफर दुपारी 64 जीबीचं एसडी कार्ड घेऊन आमच्या अल्बम लॅबमध्ये आला. संध्याकाळी त्याच कार्डावर दुसरीकडची हळद शूट करायची होती, म्हणून ते लगेच खाली करून हवं होतं. पण त्याच्या लॅपटॉपला लावलं की ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा निरोप यायचा.

मी आधी कार्ड परत कॅमेऱ्यात घालून पाहिलं. फोटो दिसले, म्हणजे कार्ड शाबूत होतं. गडबड निघाली त्याच्या लॅपटॉपच्या जुन्या कार्ड रीडरची. 2 जीबीच्या वर 32 जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यांची फाइली ठेवायची मांडणी फॅट-32. त्यावरची एसडीएक्ससी, त्यांची एक्सफॅट. काही जुन्या रीडरना ही मोठी कार्डं नीट वाचता येत नाहीत. विंडोजला ओळखीची मांडणी सापडली नाही की ते फॉरमॅट सुचवतं. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. ‘स्कॅन अँड फिक्स’लाही कॉपी होईपर्यंत हात लावायचा नाही, कारण दुरुस्ती करताना विंडोज कार्डावर लिहितं. कार्डावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून मी त्याच्या डाव्या कडेचं लॉक खाली सरकवलं आणि कार्ड आमच्या यूएसबी 3.0 रीडरमध्ये घातलं. लगेच उघडलं.

रीडर कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावला होता. पुढचं पोर्ट यूएसबी 2.0 असेल तर सेकंदाला 30-35 एमबीच्या वर वेग जात नाही. इथे 85 मिळत होता. ‘कट’ मी कधीच करत नाही. मध्येच वायर हलली तर कुठली फाइल इकडे आली आणि कुठली तिकडे राहिली, हे शोधत बसावं लागतं. कॉपीच करायची.

कॅमेरा फोटो ठेवतो तो डीसीआयएम फोल्डर सात मिनिटांत उतरला: 1,412 रॉ (प्रक्रिया न केलेले, मोठ्या आकाराचे) फोटो, 34 जीबी. फोटोग्राफर म्हणाला, ‘झालं ना दादा? मारतो फॉरमॅट.’ मी कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या. वापरलेली जागा 55 जीबी. मग उरलेले 21 जीबी कुठले?

कॅमेरा सोनीचा होता. त्यात फोटो डीसीआयएममध्ये जातात, पण एक्सएव्हीसी एस या सोनीच्या फॉरमॅटचे व्हिडिओ प्रायव्हेट नावाचा फोल्डर, त्यात एम4रूट, त्यात क्लिप, असे आत पडतात. तिथे 17 क्लिप होत्या. मंगलाष्टकांपासून अक्षता पडेपर्यंतचं सगळं त्यांत होतं. तो याआधी कॅननवर काम करायचा, आणि त्याच्या त्या कॅमेऱ्यात व्हिडिओही डीसीआयएममध्येच सापडायचे. त्यामुळे दुसऱ्या फोल्डरमध्ये बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. घाईच्या दिवसांत हे कुणाच्याही हातून होऊ शकतं.

मग मी कार्डावरचं सगळं जसंच्या तसं, फोल्डरांसकट उचललं. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले तर आणखी एक धोका असतो. 9999 नंतर कॅमेरा नवा फोल्डर उघडतो, आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. मग सारख्या नावाची फाइल आली की विंडोज ‘रिप्लेस’ विचारतं, आणि घाईत कुणी ‘हो’ म्हटलं की पहिला फोटो गेला.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकली. तिन्ही ठिकाणी फाइलींची संख्या आणि बाइट जुळवले, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो मोठे करून पाहिले, सतराही क्लिप थोड्या थोड्या चालवल्या. मग ‘इजेक्ट’ करून कार्ड काढलं, लॉक पुन्हा वर सरकवलं आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच केलं, म्हणजे कॅमेऱ्याला हवे ते फोल्डर तोच आखून घेतो. चारच्या आत तो हळदीला निघाला.