ओळखीचे

रविवार, रात्री

‘हे आमचे ओळखीचे. चिपळूणला असतात.’

एवढंच म्हणाला भाऊ. लगेच पोह्यांच्या बशा आल्या आणि व्याही मानपानाच्या गोष्टींत शिरले. मीही हात जोडले, हसलो. पण ओळखीचे? जेवताना, परतीच्या एसटीत, आता अंथरुणावर पडल्यावरही तो शब्द रायवळ आंब्याच्या शिरेसारखा दातात अडकून बसलाय.

आणि ‘असतात’! चाळीस वर्षांत ज्याने मला शिवीशिवाय हाक मारली नाही, त्याने आज अहो-जाहो केलं. व्याह्यांसमोर रीत पाळायची असते, कळतं मला. पण ‘मित्र’ म्हटलं असतं तर रीत कुठे मोडत होती?

धरणाच्या सर्व्हेच्या खुंट्या उपटायला रात्री दोन वाजता आम्ही दोघंच गेलो होतो. त्याच्या टाचेत करवंदीचा काटा मोडला. बॅटरी तोंडात धरून सेफ्टी पिनेने तो मी काढला. ओळखीचा माणूस काढतो का असा काटा? केरळातली सायलेंट व्हॅली धरणापासून वाचली, १९८४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाली, तेव्हा ते कात्रण भाऊने मला नदीतल्या कातळावर बसून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ‘बघ, तिथल्या कुंतीपुळे नदीसाठी शाळामास्तर आणि कवी उभे राहिले. आपल्याकडे एक मास्तर आहे आणि एक कारकून.’ कारकून म्हणजे मी. तिथे रातकिडे नाहीत म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आमच्या खोऱ्यात तेव्हा रातकिडे इतके कर्कश ओरडत होते की त्याला शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा लागला. मी मुळशीचं काढलं. १९२१ साली सेनापती बापट उभे राहिले तरी शेवटी धरण झालंच ना? तर दिवसभर बोलला नाही माझ्याशी.

असो.

व्याही धरणांच्या खात्यातून रिटायर झालेले. मला आधी माहीत नव्हतं. माणूस बरा वाटला. ‘कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे,’ पोहे खाता खाता सांगत होते. ‘वीज करून झाली की पोफळीहून ते अवजल येतं म्हणून तुमची वाशिष्ठी मे महिन्यात वाहते.’ खोटं नाही. धरणाविरुद्धची सगळी निवेदनं मी ज्या दिव्याखाली लिहिली, त्यातली वीजही कोयनेचीच असणार. तिकडचं एक खोरं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं तेव्हा आमचा दिवा लागला. हे तेव्हाही कळत होतं. आम्ही त्यावर बोलायचो नाही.

भाऊच्या वाडीत आजही टँकर उभा होता. पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि मेमध्ये ही गत. बायका रांगेत हंडे ठेवून त्याच्या अंगणाकडे बघत होत्या. धरण झालं असतं तर, हे त्याने किती वेळा ऐकलं असेल. मी नाही ऐकलं. माझी बदली झाली होती.

निवेदनं लिहिली म्हणालो खरं, पण मसुदा माझा असायचा, अक्षर आणि सही भाऊची. सरकारी नोकरी. दोन पोरं लहान. कुठल्याच कागदावर मी नाही.

आत्ता उठून पाणी प्यायलो तेव्हा आठवलं. तो शब्द मीच दिला होता त्याला! साहेबांनी मला बोलावून त्याच्याबद्दल विचारलं होतं, त्याच संध्याकाळी. मी साहेबांना काय उत्तर दिलं ते राहू दे. भाऊला म्हणालो, ‘कुणी विचारलंच तर ओळखीचे आहेत म्हणायचं. पुढे काही नाही.’ तो हसला होता. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. मला रिटायर होऊन आठ. आणि आज समोर खात्याचा माणूस बसलेला बघून या बेट्याच्या तोंडून नेमकं तेच निघालं.

की मुद्दाम म्हणाला?

पडवीत बोकड बांधलाय तो त्या रात्रीच्याच एका खुंटीला. पांढरा रंग उडालाय, लाल ४७ अजून वाचता येतो. व्याह्यांनी वाकून बघितलं. ‘ही तर आमच्या खात्याची दिसते.’ भाऊ गंभीरपणे म्हणाला, ‘असेल. पावसात वाहून आली.’ मी बशीत तोंड घातलं. खुंटी कधी वाहून येते का? पण व्याही मान डोलवत होते.

धरण ना झालं, ना रद्द झालं. आहे कागदावर.

आत्ता साडेदहाला त्याचा फोन. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ‘गाढवा, डबा नेलास आणि झाकण इथेच ठेवलंस. ही माझ्या नावाने ओरडतेय.’ म्हटलं, उद्या येतो. म्हणाला, उद्या नको, उद्या व्याही आहेत अजून.