महासागर ओलांडताना केबिन कुठली घ्यावी: दोन सफरींवरून

रात्रीचे अडीच वाजले असतील. जाग आली तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून. "अगं, आडवं पडलं की पोटात खड्डा पडतो. बसल्यावर जरा बरं वाटतं. तू झोप," ती म्हणाली. तेवढ्यात जहाजाचं पुढचं टोक लाटेवरून खाली आलं, धप्प असा आवाज झाला आणि भिंतीतून एक थरथर सरकत मागे गेली. कपाटातले हँगर एकदम खणखणले. न्यूयॉर्कहून युरोपकडे निघालेल्या आमच्या सफरीची ती चौथी रात्र होती आणि मधे एकही बंदर नव्हतं.

ती केबिन आम्ही निवडलेली नव्हती. मी घेतली होती ती जहाजाच्या मध्यावरची, साध्या खिडकीची. निघायच्या तीन आठवडे आधी निरोप आला की तुम्हाला वरच्या दर्जाची केबिन देतोय, बाल्कनीसकट, जादा पैसे नाहीत. मी लगेच हो म्हटलं. नवी केबिन दहाव्या डेकवर, पुढच्या टोकापासून तिसरी होती. केबिन सुंदर होती, त्यात वाद नाही. पण आठ दिवसांत बाल्कनीत आम्ही जेमतेम तासभर बसलो असू, कारण पुढच्या भागात वारा इतका असायचा की दार उघडायलाच जोर लावावा लागे. आणि आईची झोप तर पार गेली.

दीड वर्षाने नोव्हेंबरमध्ये पुन्हा अटलांटिक ओलांडला, या वेळी युरोपकडून कॅरिबियनकडे. जहाज त्याच घडणीचं, जवळजवळ तसंच. आईला पुन्हा यायचं होतं, आणि मी ठरवलं होतं की तिला रोज रात्री झोप लागलीच पाहिजे. त्यासाठी जे शिकले ते इथे लिहून ठेवते. जहाजांची नावं देत नाही, कारण बहुतेक मोठ्या जहाजांची मांडणी याच धर्तीची असते.

आधी हलण्याबद्दल. जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. डावी-उजवीकडे डुलतं ते रोलिंग, आणि पुढचं टोक वर, मागचं खाली असं सी-सॉसारखं हलतं ते पिचिंग. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डुलणं बरंच कमी करतात, पण सी-सॉवर त्यांचा काही उपाय चालत नाही. म्हणून "आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत" हे ऐकून पुढच्या टोकाची केबिन घेऊ नका. सी-सॉच्या टोकाला बसणं आणि मधोमध बसणं यात जो फरक, तोच इथे. तीनशे मीटर लांबीचं जहाज नुसतं एका अंशाने कललं, तरी मध्यापासून १२० मीटर पुढे असलेली केबिन दोन मीटरांहून जास्त वर जाते आणि उलट कललं की तेवढीच खाली येते. मध्यापासून १५ मीटरवरची केबिन जेमतेम वीतभर. जहाज एकच, लाट एकच, पण एका केबिनमध्ये दर काही सेकंदांनी माणूस मजलाभर वर-खाली होतो आणि दुसरीत पाण्याचा पेलाही सांडत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. ज्या बिंदूभोवती जहाज असं झुलतं तो बहुतेक जहाजांत अगदी मधोमध नसून किंचित मागच्या बाजूला असतो. त्यामुळे मध्य आणि त्याच्या थोडं मागे हा पट्टा सगळ्यात शांत. आणि डुलण्याचा त्रास उंचीबरोबर वाढतो, म्हणून जितकं खाली तितकं बरं.

पण अगदी तळाचा डेकच घ्या असं मी सांगणार नाही, कारण हलणं आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या डेकवर लाटांचे फटके अंगाजवळ ऐकू येतात, आणि कित्येक जहाजांत त्या केबिनच्या डोक्यावरच स्वयंपाकघर, थिएटर किंवा नाचाचा हॉल येतो. माझ्या मते एक-दोन डेक वर गेल्याने डोलणं फारसं वाढत नाही. उलट डोक्यावर स्वयंपाकघर आलं तर एकही पहाट शांत जात नाही. पहिल्या सफरीत आमच्या वर जिम होतं. सकाळी सहाला ट्रेडमिलची धपधप सुरू व्हायची, मधूनच कुणीतरी डंबेल खाली टाकायचं. छतातून तो आवाज असा यायचा की आई दचकून उठायची.

म्हणून दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट धरून बसले: वर केबिनच, खाली केबिनच, आजूबाजूलाही केबिनच. झोपलेल्या माणसांच्या मधे आपण.

हे शोधायला एक संध्याकाळ लागते. जहाजाचा डेक प्लॅन घ्या आणि तीन डेक एकाखाली एक ठेवा: आपला, वरचा आणि खालचा. ते नेमके जुळवायला लिफ्टच्या चौकोनांचा आधार घ्या, कारण लिफ्ट सगळ्या डेकवर एकाच जागी असतात. मग आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय येतं ते पाहा. बुफेच्या डेकखालची केबिन मी डोळे झाकून सोडून देईन. भल्या पहाटे फरशीवर खुर्च्या सरकवायला लागतात आणि तो करकराट खाली सगळा ऐकू येतो. पोहण्याच्या तलावाखालीही तेच, कारण पहाटे आरामखुर्च्या लावतात.

नकाशावर नाव नसलेले कोरे, पांढरे तुकडे दिसतात. तिथे काही नाही असं समजू नका. बहुतेकदा तिथे कर्मचाऱ्यांची खोली, भांड्यांचं पँट्री किंवा सामानाच्या ढकलगाड्यांची वाट असते. तशा तुकड्याला लागून असलेली केबिन घेऊ नये. लिफ्टच्या अगदी तोंडाशीही नको, पण चार-पाच दारं आत गेलं की पुरतं, लांबवर पळायची गरज नाही. आणखी एक खूण पाहा: दोन केबिनना जोडणारं आतलं दार. नकाशावर ते छोट्या बाणाने किंवा रेघेने दाखवलेलं असतं. त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं शब्दन्शब्द ऐकू येतं.

मागच्या टोकाबद्दल बरेच जण विचारतात, कारण तिथल्या बाल्कन्या मोठ्या असतात. बंदराबंदरांतून फिरणाऱ्या सफरीला त्या छानच. महासागर ओलांडताना मात्र प्रोपेलर दिवसरात्र एका लयीत फिरत असतात आणि मागे ती थरथर सतत जाणवते. मागच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलावरच्या पाण्यात बारीक वर्तुळं उठलेली मी पाहिली आहेत. काहींना त्या गुणगुणीत उलट छान झोप लागते. आईला नसती लागली.

पुढच्या टोकाच्या दोन गोष्टी आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली म्हणजे भोंगा. न्यूफाउंडलंडजवळ लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी भेटतं आणि तिथे दाट धुकं पडतं. धुक्यात चालत्या जहाजाने निदान दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचाच, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो थांबवा म्हणून कुणाला सांगता येत नाही आणि सांगूही नये. पण आमच्या जहाजाचा भोंगा पुढच्या डोलकाठीवर, म्हणजे जवळजवळ आमच्या उशाशी होता. तिसरी रात्र आम्ही दोन-दोन मिनिटं मोजत काढली. दुसरी गोष्ट, जहाजाच्या समोर उघडणारी खिडकी असेल तर अंधार पडल्यावर पडदे ओढून घ्यावे लागतात, कारण ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षातल्या, अधिकाऱ्यांना पुढे काळोख लागतो. समोरचा समुद्र पाहत झोपू असं मनात असेल तर ते होत नाही.

दुसऱ्या सफरीला आमची केबिन सातव्या डेकवर होती, मध्याच्या किंचित मागे. आठव्यावर केबिन, सहाव्यावर केबिन. बाल्कनी नाही, मोठी चौकोनी खिडकी. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट सोडल्यानंतर दुसऱ्या रात्री समोरून जोराचा वारा सुटला. कप्तानाने तो वाऱ्याच्या बोफर्ट मापावर ७ बळाचा सांगितला होता. रात्री अकराला जाग आली. आई गाढ झोपली होती. उशाच्या टेबलावर तिचा अर्धा भरलेला पेला होता आणि त्यातलं पाणी एका कडेला बोटभर चढायचं, मग सावकाश दुसऱ्या कडेला. मला राहवलं नाही. शाल घेतली आणि दहाव्या डेकवर, आमच्या जुन्या केबिनच्या जागी किती हलतंय ते पाहायला निघाले.

जिन्याजवळ कठड्याच्या मागे उलटीसाठीच्या कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या होत्या. पुढच्या कॉरिडॉरमध्ये शिरल्यावर दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला. पाऊल टाकायच्या आत जमीन वर येऊन तळव्याला लागायची आणि पुढच्या पावलाला तीच खाली निघून जायची. भिंतींचे जोड करकरत होते. एका दारामागे कुणीतरी जागं होतं, दिव्याची फट दिसत होती. तिथे दोन मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. चालायला फार तर पाच मिनिटं. खाली येऊन पाहिलं तर आईने कूस बदललेली, बाकी सगळं जिथल्या तिथे.

अर्थात सगळं श्रेय केबिनचं नाही, मार्गाचंही आहे. पहिली सफर एप्रिलमध्ये उत्तरेकडून होती, जिथे एकामागून एक वादळी पट्टे येत असतात. दुसरी दक्षिणेकडून. ती एक रात्र सोडली तर ईशान्येचे व्यापारी वारे पाठीमागून होते आणि समुद्र मवाळ होता. दिशेचाही विचार करा. पूर्वेकडे जाताना घड्याळ पुन्हा पुन्हा तासभर पुढे न्यावं लागतं, आधीच अपुरी झोप आणखी कापली जाते. पश्चिमेकडे जाताना दिवस पंचवीस तासांचा होतो. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी शक्यतो पश्चिमेकडची सफर धरावी. तिकडे जाताना डावी बाजू दक्षिणेला असते, त्यामुळे खिडकीत ऊन डावीकडच्या केबिनना मिळतं. आईने त्या उन्हात बसून अख्खा स्वेटर विणला.

आरक्षण करताना ठरावीक केबिन नंबर मागून घ्या. "दर्जाची हमी, केबिन आम्ही ठरवू" अशा स्वस्त पर्यायात जागा हातात राहत नाही, आणि महासागरात जागाच सगळ्यात महत्त्वाची. नंबर मिळाल्यावर लेखी कळवा की आम्हाला बदल किंवा वरचा दर्जा नको आहे. तरीही फोन आलाच तर हो म्हणण्याआधी नवा नंबर विचारा, नकाशा उघडा, मग उत्तर द्या. पलंग कुठल्या दिशेने आहे तेही विचारता येतं. आडवा पलंग असेल तर डुलताना कधी डोकं वर, कधी पाय वर होतात. जहाजाच्या लांबीच्या दिशेने असेल तर अंग कुशीवर लोळतं. मला दुसरं सोसतं, आईला पहिलं. एकदा अनुभवाशिवाय हे कळत नाही.

अगदी चांगल्या केबिनमध्येही पहिल्या रात्री काहीतरी वाजतंच. दिवे मालवून पाच मिनिटं नुसतं ऐका. हँगर वाजत असतील तर काढून कपाटाच्या तळाशी ठेवा, रिकामा खण वाजत असेल तर आत टॉवेल कोंबा. भिंतीचे दोन पत्रे एकमेकांवर घासत असतील तर फटीत पोस्टकार्डाची घडी सारली की करकर थांबते. हवेच्या झरोक्यात मात्र काही कोंबू नका. छतातला आवाज असेल तर सकाळीच स्वागतकक्षात सांगा. आमच्याकडे दुपारपर्यंत माणूस शिडी घेऊन आला आणि एक पट्टी घट्ट करून गेला.

मळमळीच्या गोळ्या त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, नंतर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वयस्कर माणसांना त्यांनी फार गुंगी येऊ शकते, म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. खिडकी नसलेल्या आतल्या केबिन रात्रीच्या झोपेला उत्तम, मिट्ट काळोख असतो आणि मध्यावरच्या जागाही मिळतात. पण कानाला हलणं कळतं आणि डोळ्यांना दिसत नाही, त्यातूनच मळमळ सुरू होते. दिवसा क्षितिजावर नजर लावून बसता आलं तर बराच फरक पडतो, म्हणून आईसाठी मी खिडकी सोडली नाही.

बंदरात शिरतानाची पहाट तेवढी धरून चाला. धक्क्याला लागताना पुढचे थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे, सुरू होतात आणि पुढच्या खालच्या केबिनमध्ये चांगलाच गडगडाट होतो. आमच्या सातव्या डेकवर दुरून घरघर आली. आई तेव्हा उठलेलीच होती, खिडकीशी बसून जमीन दिसायची वाट पाहत होती.