रिव्हायव्हलला जायचं तर कडेची खुर्ची सोडा

अमेरिकेच्या दक्षिणेत मेम्फिस, अटलांटा, बर्मिंगहॅमकडे राहणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये चर्चबाहेर ‘रिव्हायव्हल’चे फलक दिसू लागतात. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी जिला संजीवन सभा म्हणतात, तीच ही, श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरवलेली. ऑगस्टचं कारण शेतीतलं: कापसाची खुरपणी आटोपलेली, वेचणीला अवकाश, त्या मधल्या मोकळ्या दिवसांत सभा भरत. शेती सुटली, महिना राहिला. सहसा लागोपाठ तीन ते पाच संध्याकाळी, सातच्या सुमारास, उपदेशक बाहेरगावचा. आमंत्रण लागत नाही. दोन-अडीच तास मात्र हाताशी ठेवा.

सगळ्यात जोरकस सभा कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या चर्चमधली. कपडे नीटनेटके हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम, हाफपँट नको. दारातले पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक म्हणजे अशर. जागा तेच दाखवतात, आणि प्रार्थना किंवा बायबलवाचन चालू असेल तर दारातच थांबवतात. त्यात अपमान काही नाही. पुढच्या बाकांवर पांढऱ्या पोशाखातल्या ज्येष्ठ बायका, चर्चच्या ‘मदर्स’, बसतात; ती जागा त्यांचीच. मधल्या वाटेलगतची खुर्चीही टाळा. रंग चढला की लोक त्याच वाटेने धावतात.

संगीताचा कणा म्हणजे हॅमंड ऑर्गन. त्याच्या लेस्ली स्पीकरमधला भोंगा फिरतो, म्हणून सूर थरथरतो. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनाच्या सवयीने आपला हात समेवर पडतो आणि अख्ख्या रांगेत आपलीच टाळी उलटी वाजते. पायाने पहिली-तिसरी धरा, हाताने दुसरी-चौथी, जमतं. लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे न्या, आवाज खरोखर मोठा असतो.

उपदेश गप्पांसारखा सुरू होतो. शेवटच्या टप्प्यात उपदेशक गाऊ लागतो, प्रत्येक ओळीनंतर ऑर्गन उत्तर देतो, लोक ‘आमेन’, ‘प्रीच!’ म्हणत राहतात. इथे गप्प बसणं सभ्यपणाचं समजलं जात नाही, उपदेशकाला ते थंड वाटतं. मग ड्रम द्रुत लय धरतो आणि माणसं नाचतात, रडतात, कोसळतात. नवख्यांची गल्लत इथेच होते: पाणी घेऊन धावणं, रुग्णवाहिका बोलावणं. पडणाऱ्याला सावरायला आणि बायकांच्या गुडघ्यांवर कापड टाकायला माणसं नेमलेली असतात. मोबाइल खिशातच ठेवा.

काहीजण ‘अन्य भाषांत’, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या मानलेल्या अनोळखी शब्दांत, बोलू लागतात. या पंथांचा इतिहास बरेचदा लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या संजीवन सभांपासून, १९०६ पासून सांगितला जातो. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये असं संजीवन १९०५ मध्येच सुरू झालं होतं. जेवताना हे सांगून बघा, गप्पा रंगतील.

दानासाठी पाच-दहा डॉलरच्या नोटा जवळ असू द्या. दान दोनदाही मागतात. त्यातलं एक, ‘लव्ह ऑफरिंग’, पाहुण्या उपदेशकासाठी. काही ठिकाणी रांगेने टेबलापर्यंत जायचं असतं. द्यायचं नसेल तर रांगेत नुसतं चालून परत या, कोणी बघत नाही.

सगळ्यात जपायचं ते वेदीपाशी येण्याच्या हाकेला. पहिली हाक बहुधा ख्रिस्ताला स्वीकारणाऱ्यांसाठी, पुढची त्या चर्चचे सदस्य होणाऱ्यांसाठी. आशीर्वाद घ्यावा म्हणून पहिल्याच हाकेला उठलात तर नाव विचारून जाहीर करतील आणि सगळे टाळ्या वाजवतील. मग परत फिरणं अवघड. आजारपण, नोकरी, मुलं यांसाठीच्या प्रार्थनेची हाक वेगळी असते, तिला खुशाल जा. कपाळाला ऑलिव्ह तेल लावतात. मागे कुणीतरी हात धरायला उभा असतो, पण पडलंच पाहिजे असं नाही.

पाहुण्यांना उभं करून नाव आणि चर्च विचारतात. ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढं पुरतं. हिंदू आहोत म्हटलं तरी स्वागतच होतं. कार्डावर फोन नंबर लिहिलात तर त्याच आठवड्यात फोन येईल हे गृहीत धरा.

नंतर खालच्या हॉलमध्ये जेवण असेल तर शाकाहारींनी हिरव्या पालेभाजीपासून जपावं. ती बहुधा डुकराच्या किंवा टर्कीच्या मांसाबरोबर शिजवलेली असते. चीज मॅकरोनी, रताळ्याचा ‘पाय’ (पिठाच्या आवरणात भाजलेला गोड पदार्थ) आणि केक यांवर पोट भरतं. ‘पाय’चं आवरण लार्डचं, म्हणजे डुकराच्या चरबीचं, आहे का, तेवढं वाढणाऱ्या बाईंना विचारून घ्या.