लोडरच्या मागच्या एक्सलचं बेअरिंग आणि सील बदलताना आलेला माझा अनुभव

आमच्या व्हील लोडरच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल गळायला लागलं होतं. आधी बाहेर एका वर्कशॉपमधून नुसतं सील (तेल अडवणारी रिंग) बदलून आणलेलं, ते थोड्याच दिवसांत परत गळायला लागलं, म्हणून या वेळी मी ठरवलं की हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) पूर्ण उघडायचा आणि सील का जातंय ते आधी शोधायचं. ज्यांच्याकडे असंच काम निघालंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, उघडायच्या आधीच बरंच काही कळतं. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली आणि बाजूने पहारीने हलवून बघितलं तर खेळ हाताला स्पष्ट जाणवत होता, म्हणजे बेअरिंग सैल झालेलं. बेअरिंग सैल असलं की हब एका बाजूला झुकून फिरतो, सीलची लिप (रबराची पातळ कड) एकीकडे दाबली जाते आणि दुसरीकडे उघडी पडते, मग कितीही भारी सील टाका, टिकणार नाही. दुसरं म्हणजे एक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड), तो मातीने पूर्ण बुजलेला. तेल गरम झालं की आतली हवा फुगते, तिला जायला वाट नसली की सीलमधूनच रस्ता काढते. म्हणजे इथे कारणं दोन होती आणि नुसत्या सीलने दोन्ही जाणार नव्हती. ज्यांच्या मशीनमध्ये ब्रेक एक्सलच्या आत तेलात आहेत त्यांनी एक्सलची ऑइल लेव्हल वाढलीय का तेही बघा, ब्रेक पिस्टनचं सील गेलं तर ब्रेकचं तेल पण आत उतरतं आणि गळतं मात्र हबमधून.

सेफ्टीत इथे अजिबात घाई नको. आर्टिक्युलेशनचा (मशीन मधोमध वळतं त्या सांध्याचा) लॉक लावा, बाकीच्या चाकांना गुटके लावा, आणि जॅकवर भरवसा न ठेवता एक्सलखाली स्टँड द्या. टायर-रिम मिळून दोन-तीनशे किलोच्या पुढेच जातं, ते हाताने धरायच्या भानगडीत पडू नका, पट्टा आणि क्रेनच लावा.

ड्रेन प्लगच्या मॅग्नेटला बारीक राखाडी पेस्ट असते ती चालते, पण आमच्याकडे चमकणाऱ्या पापड्या निघाल्या. प्लॅनेटरी (हबमधल्या गिअरचं) कव्हर, सन गिअर, रिंग गिअर काढून हब बाहेर घेतल्यावर आतल्या बेअरिंगच्या कपवर (बाहेरच्या कड्यावर) खड्डे पडलेले दिसले आणि रोलरना निळसर झाक आलेली, म्हणजे खूप तापलेलं. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) किती होते आणि कुठून निघाले ते लगेच लिहून ठेवा, फोटो पण काढा.

जुना कप हबमधून निघत नसेल तर एक युक्ती चांगली चालते, कपच्या आतून गोल वेल्डिंगचा एक मणी मारायचा, थंड होताना कप आकसतो आणि जवळपास आपोआप सुटतो. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प हबलाच लावा, करंट दुसऱ्या कुठल्या बेअरिंगमधून जाता कामा नये. स्पिंडलवर (हब ज्याभोवती फिरतो तो स्थिर दांडा) चिकटलेला कोन (बेअरिंगचं आतलं कडं) मात्र ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीने फोडला, आरपार कापलं तर स्पिंडलला घाव बसतो.

नवीन कोन इंडक्शन हीटरवर साधारण 110 डिग्रीपर्यंत तापवून बसवला. 120 च्या वर जाऊ नये, स्टीलचा कडकपणा उतरायला लागतो, आणि गॅसची ज्योत तर लावूच नये कारण एकाच जागी किती तापतंय ते कळत नाही. कोन थंड होताना मागे सरकतो म्हणून खांद्याला टेकेपर्यंत दाबून धरावा लागतो. कप आणि कोन जोडीनेच बदला, जुना कप आणि नवीन कोन असा घोळ नको.

स्पिंडलवर जुन्या सीलने नखाला लागेल एवढी खाच पाडली होती, तिथे स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवली. लिप सील असेल तर स्प्रिंगची बाजू तेलाकडे. मेटल फेस सील (धातूची दोन तोंडं एकमेकांवर घासतात तसलं) असेल तर रबरी रिंग पूर्ण कोरडी आणि स्वच्छ ठेवा, तेलाचं बोट फक्त धातूच्या घासणाऱ्या तोंडाला. रबराला तेल लागलं की रिंग जागेवर घसरते आणि तोंडं सरळ बसत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बरेच जण चांगलं म्हणून सगळीकडेच तेल फासतात.

आता प्रीलोड (बेअरिंग मुद्दाम किती घट्ट दाबून ठेवायचं ते), सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि जाऊ द्यावा. रिटेनर प्लेटखालचे शिम कमी केले की प्रीलोड वाढतो. बोल्ट ताणताना हब सतत दोन्हीकडे फिरवत राहायचा, नाहीतर रोलर जागेवर बसत नाहीत आणि रीडिंग खोटं येतं. मग हबच्या फ्लँजला (बाहेरच्या कडेला) दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढायचं, सुटतानाचा झटका धरायचा नाही, हब एकसारखा फिरताना जे वजन दिसेल ते घ्यायचं. 20 सेंटीमीटर त्रिज्येवर 10 किलो आलं म्हणजे 2 किलो-मीटर, साधारण 20 न्यूटन-मीटर. हे आधी सीलशिवाय मोजलं, कारण सीलचा स्वतःचा ओढा त्यात मिसळतो. किती हवं ते ज्याच्या त्याच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा, नवीन आणि वापरलेल्या बेअरिंगचा आकडा सहसा वेगळा असतो.

शेवटी नवीन ब्रीदर टाकला, तेल भरलं, मशीन आधी रिकामी चालवून दोन्ही बाजूंचे हब हाताने तपासले, तापमान सारखंच लागलं. कामाच्या पहिल्या पाळीनंतर व्हील नट परत टॉर्कवर घेतले, ऑइल लेव्हल बघितली, आणि हबच्या आतली बाजू पुसून कोरडी ठेवली म्हणजे थेंब आला तर लगेच दिसेल. अजून कोरडीच आहे.